जिन आणि परोक्षाचे ज्ञान

जिन म्हटला की अल्लाउद्दीनच्या दिव्यातील राक्षस डोळ्यांपुढे उभा राहतो. कुराणातील जिन मात्र निराळा आहे. मनुष्य मातीपासून निर्माण झाला, तर जिन निर्धूम अग्नीपासून, असे तेथे सांगितले आहे. तो आपल्याला दिसत नाही; परंतु बरेवाईट निवडण्याचे स्वातंत्र्य त्यालाही आहे. म्हणून जिनांतही श्रद्धावान आणि बंडखोर असतात, व माणसाप्रमाणे त्यांचाही न्याय व्हावयाचा आहे. कुराणाच्या 114 अध्यायांपैकी 72 वा त्यांच्याच नावाचा आहे. जिनांचा आश्रय मागणाऱ्या माणसांना त्यातच दोष दिलेला आढळतो.

‘गैब’ म्हणजे परोक्षाचे ज्ञान केवळ अल्लाला असते. सुलेमान, म्हणजे बायबलातील शलमोन राजा, याची कुराणातील कथा हेच सांगते. जिन त्याच्या आज्ञेत राबत असत. काठीच्या आधाराने असताना राजाला मृत्यू आला; तरी ते राबतच राहिले. किड्याने काठी पोखरली, देह कोसळला, तेव्हा कोठे त्यांना ते कळले! धन्याचा मृत्यू ज्यांना उमगला नाही, ते आपले भविष्य काय सांगणार? जिनाच्या नावाने गंडेदोरे विकणाऱ्याकडे जाण्यापूर्वी भयग्रस्त माणसाने ही कथा अवश्य आठवावी.