शास्त्रज्ञ कसा दिसतो?

"शास्त्रज्ञाचं चित्र काढ," असं लहान मुलाला सांगून पाहा. ते काय काढतं?

डेव्हिड चेंबर्स नावाच्या गृहस्थांनी १९६६ ते १९७७ या काळात अशी चित्रे जमवली. मुले होती ४,८०७. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इकडची. चित्रांत काय दिसले? पांढरा डगला, चष्मा, दाढी. अगदी लहानांच्या चित्रांत हे थोडे. इयत्ता वाढे तसा डगला-चष्माही वाढे. आणि बाई? फक्त २८ चित्रांत. तीही मुलींनीच काढलेली. एकाही मुलाला शास्त्रज्ञ बाई सुचली नाही!

पुढे अमेरिकेत असे पुष्कळ प्रयोग झाले. २०१८ साली ते एकत्र तपासले. ६ वर्षांच्या १०० मुलींपैकी सुमारे ७० जणी बाईचे चित्र काढत. १६ व्या वर्षी सुमारे २५ च.

म्हणजे मूल ही समजूत जन्माला घेऊन येत नाही. मधल्या दहा वर्षांत ती त्याला कोण शिकवतं? पुस्तकातली चित्रे शिकवतात. आपणही शिकवतो. मुलगा पंपाजवळ गेला तर म्हणतो, "बघ कसा चालतो." मुलगी गेली तर, "तुझं काय काम तिथं? शॉक बसेल." अहो, शॉक दोघांनाही बसतो की!

कमला सोहोनी यांचे वडील आणि काका रसायनशास्त्र शिकलेले. ते त्यांनी घरातच पाहिले. १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेने त्यांना बाई म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत. हट्टाने प्रवेश मिळवला. १९३९ साली केंब्रिजला डॉक्टर झाल्या. पुढे त्यांनी आपल्या नीरेतले पोषण अभ्यासले.

पण घरात कोणी शिकलेले नसेल तर? रघुनाथ माशेलकर गोव्यातल्या माशेलचे. वडील लवकर वारले. आईने मुंबईत कष्ट करून वाढवले. शाळेत भावे सरांनी मुलांना उन्हात नेले, भिंग धरले. ऊन एका ठिपक्यावर आले, कागद जळाला. आपण शास्त्रज्ञ व्हायचे, हे मुलाने तिथेच ठरवले. हळदीने जखम भरते, हे तुमच्या आजीला ठाऊक होते. त्यावर अमेरिकेत दुसऱ्यांनीच हक्क घेतला होता. तो १९९७ साली रद्द झाला. त्यासाठी लढणाऱ्या भारतीय संस्थेचे प्रमुख तेव्हा माशेलकरच होते.

भिंग फार महाग नसते. जत्रेतही मिळते. पोराला द्या, पोरीलाही द्या. जवळ बसा. कडबा, गवत दूर ठेवा. आणि भिंगातून सूर्याकडे मात्र पाहू देऊ नका, डोळा जाईल.