वळणाआधीच लागणारा निकाल

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे जा किंवा महाडहून वरंध घाटाने भोरकडे, स्पोर्ट बाइकवाल्याची खरी परीक्षा वळणावर होते. आणि माझ्या मते तिचा निकाल वळण लागण्याआधीच ठरलेला असतो. टायरची पकड एकच, ती ब्रेक आणि वळण या दोघांत वाटली जाते. त्यात हिशेब वेगाच्या वर्गाचा: त्याच वळणात 30 ऐवजी 40 च्या वेगाने शिरलात, तर टायरवर आडवा ताण जवळपास पावणेदोनपट पडतो. म्हणून ब्रेक गाडी सरळ असतानाच मारावा, गिअरही तेव्हाच उतरवावा आणि आत शिरल्यावर थ्रॉटल हलकेच, सलग उघडत न्यावा. हँडल आवळून धरू नये. डावीकडे वळायचं तर डावं हँडल किंचित पुढे रेटावं, गाडी आपसूक डावीकडे झुकते. नजर दरीच्या कठड्यावर नको, वळण जिथे सुटतं तिथे हवी.

कुणी म्हणेल, मग एबीएस आणि रुंद टायर कशासाठी? एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, हे खरं. पण पावसात डोंगरातून वाहून आलेल्या लाल मातीवर नसलेली पकड ते आणणार कुठून? हळूच जायचं तर गाडी झुकवायला शिकणार कधी, हा आक्षेप रास्त आहे. ते मोकळ्या मैदानात, शंकू मांडून शिकावं. घाटातल्या आंधळ्या उजव्या वळणावर गाडी झुकली की चाकं आपल्या बाजूला असली तरी डोकं मधल्या रेषेपलीकडे जाऊ शकतं, आणि समोरून एसटी येत असते. तिथे कडेची खडी टाळून डाव्या अंगानेच राहावं, पलीकडचं दिसेपर्यंत वळण आतून कापू नये.