चेरोकींची जमीन गेली कशी?

चेरोकी म्हणजे रानोमाळ भटकणारी टोळी, असा समज असेल तर तो आधी बाजूला ठेवावा. अमेरिकेच्या आग्नेयेला, अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या दक्षिण टोकाला हे लोक गावं वसवून मका, घेवडा, भोपळा पिकवत होते.

त्यांची कुळं सात. मूल आईच्या कुळाचं, आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जाई. जमिनीची व्यवस्था सातबाऱ्याच्या भाषेत सांगायची तर मालकी साऱ्या चेरोकी राष्ट्राची, वहिवाट कसणाऱ्या कुटुंबाची. घर, कुंपण, फळझाडं आपसांत विकता येत; जमीन मात्र नाही. राष्ट्रीय सभेच्या संमतीवाचून ती परक्याला देणाऱ्यास देहदंड होता.

आता सरकारची बाजू. १७९१च्या होल्स्टन तहात केंद्र सरकारने लिहून दिलं, की उरलेली जमीन चेरोकींचीच राहील आणि शेती, गुरंढोरं वाढवायला त्यांना अवजारं फुकट मिळतील. पण १८०२ साली जॉर्जिया राज्याकडून पश्चिमेचा मोठा मुलूख घेताना याच सरकारने कबूल केलं, की राज्याच्या हद्दीतले मूलनिवासींचे जमीनहक्क आम्ही सामोपचाराने संपवू. एकच जमीन, शब्द दोघांना. पुढचा पेच इथूनच सुरू झाला.

चेरोकींनी आपला तह मनावर घेतला. सेक्वोयाने १८२१च्या सुमारास लिपी तयार केली. तिच्यात एका खुणेत 'गा' किंवा 'डा' असा अख्खा उच्चार मावतो, त्यामुळे ८५ च्या आसपास खुणा पाठ झाल्या की वाचता येई. १८२७मध्ये राज्यघटना झाली, पुढच्याच वर्षी न्यू एचोटा या राजधानीतून 'चेरोकी फिनिक्स' हे वृत्तपत्र निघू लागलं. या नव्या घडीला काळी बाजूही होती. घटनेने बायकांना मताधिकार दिला नाही, आणि श्रीमंत चेरोकी कृष्णवर्णीय गुलाम राबवत होते.

जॉर्जियाला हेच खुपलं. घटना, न्यायालय, छापखाना असलेले लोक जागा सोडून जाणार नव्हते. त्यात डोंगरात सोनं सापडलं. १ जून १८३०पासून राज्याने चेरोकींचे कायदे रद्द ठरवले. गोऱ्या माणसाविरुद्ध त्यांची साक्षही चालेना. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांच्या आग्रहाने मूलनिवासींना पश्चिमेकडे हलवण्याचा कायदा प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी मंजूर झाला.

१८३२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जियाचे कायदे चेरोकींच्या मुलखात लागू होत नाहीत असा निकाल दिला. तो कुणी अमलात आणला नाही. उलट राज्याने चेरोकींच्या जमिनीची सोडत काढली: शेतीला १६० एकरांचे तुकडे, सोन्याच्या पट्ट्यात ४० एकरांचे. प्रमुख जॉन रॉस १८३५मध्ये वॉशिंग्टनहून परतले, तेव्हा त्यांच्या घरात सोडत लागलेला माणूस राहत होता.

त्याच डिसेंबरात मूठभर लोकांनी, राष्ट्राच्या संमतीशिवाय, जमीन सोडून पश्चिमेला जाण्याच्या न्यू एचोटाच्या तहावर सह्या केल्या. रॉस यांनी हजारो सह्यांचा निषेध धाडला. तरीही सिनेटने तह मान्य केला; एक मत जरी कमी पडलं असतं, तरी लागणारं दोन-तृतीयांश बहुमत हुकलं असतं. १८३८मध्ये लष्कर आलं. सुमारे १६,००० लोक हाकलले गेले, अंदाजे ४,००० दगावले.

सरकारने १७९१चा शब्द मोडला आणि १८०२चा पाळला, तोही सामोपचाराची अट गाळून. मताधिकार जॉर्जियातल्या गोऱ्या पुरुषांना होता, चेरोकींना नव्हता.