विश्लेषण : कारमध्ये नवे स्पीकर बसवताना ‘क्रॉसओव्हर’ का महत्त्वाचा?

कारमध्ये महागडे स्पीकर बसवले आणि काही दिवसांतच ट्वीटर मुका झाला, असे घडते. अशा वेळी दोष नेहमी स्पीकरचा असतोच असे नाही. अनेकदा जोडणी करताना क्रॉसओव्हर वगळलेला असतो.

क्रॉसओव्हर म्हणजे काय?
माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. हा सगळा पल्ला एकाच स्पीकरला नीट पेलत नाही. डग्ग्याचा घुमारा दारातला वूफर वाजवतो, तर झांजेची किणकिण छोटा ट्वीटर. कोणता आवाज कुणाकडे पाठवायचा, हे ठरवणारे सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर.

तो नसेल तर काय होते?
ट्वीटरच्या कॉइलची तार अतिशय बारीक असते. खालच्या पट्टीतले जोरकस सिग्नल थेट आले की ती तापून जळते. अनेक गाड्यांत कंपनीच्या ट्वीटरवरच छोटा कपॅसिटर असतो. जुना ट्वीटर काढला की तोही जातो आणि नव्या ट्वीटरला संरक्षण उरत नाही.

कोणता प्रकार घ्यावा?
को-ॲक्सिअल स्पीकरमध्ये ही सोय आतच असते. वूफर आणि ट्वीटर वेगळे असलेल्या कंपोनंट सेटसोबत बहुधा पॅसिव्ह क्रॉसओव्हर मिळतो, तोच वापरावा. कारण तो त्या स्पीकरच्या ओहमनुसार बनवलेला असतो. ४ ओहमसाठी ५,००० हर्ट्झचा हिशेब धरून लावलेल्या कपॅसिटरला ८ ओहमचा ट्वीटर जोडला, तर ही मर्यादा २,५०० हर्ट्झवर येते. म्हणजे नको ते आवाज पुन्हा ट्वीटरकडे!

ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर ॲम्प्लिफायरच्या आधीच सिग्नल विभागतो. त्यात सेटिंग हवे तसे बदलता येते. पण प्रत्येक स्पीकरला ॲम्प्लिफायरचे स्वतंत्र चॅनल लागते, त्यामुळे खर्च वाढतो.

सेटिंग किती ठेवावे?
सबवूफर असल्यास दारातल्या स्पीकरसाठी हाय-पास आणि सबवूफरसाठी लो-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवून सुरुवात करावी. नंतर कानाला रुचेल तसा थोडा बदल करावा.

बसवण्यापूर्वी काय विचारावे?
- ट्वीटरचा क्रॉसओव्हर कुठे जोडणार?
- स्पीकर आणि क्रॉसओव्हर यांचे ओहम जुळतात का?
- कंपनीची वायर न कापता कपलरने जोडणी होईल का?

जोडणी झाल्यावर आधी कमी आवाजात प्रत्येक स्पीकर तपासावा, मगच पैसे चुकते करावेत.