संत्र्याचा कारखाना आणि बागाइतदारांचे नाव

पनवेलला लागून असलेल्या करंजाड्यात राहणारा माणूस फळे टिकविण्याच्या उद्योगाचा इतिहास शोधू लागला, म्हणजे त्याला प्रथम स्मरण होते ते पनवेलातच १८७२ साली स्थापन झालेल्या श्री धूतपापेश्वर या औषधी कारखान्याचे. कारण च्यवनप्राश काय किंवा मोरावळा काय, साखरेच्या पाकाच्या बळावर आवळ्याला दीर्घकाळ अभय देणारी विद्या आपल्याकडे पूर्वापार सिद्धच होती. हवाबंद डब्याची विद्या मात्र निराळी. अन्न बंद पात्रात घालून उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने १८१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली व सरकारकडून १२,००० फ्रँकांचे पारितोषिक मिळविले. त्याच वर्षी इंग्लंडात कथलाच्या डब्याचेही पेटंट निघाले. आणि बंद पात्रात उकळल्याने अन्न नासत का नाही, याचा उलगडा पुढे अर्धशतकानंतर पाश्चरने केला.

या विद्येचा महाराष्ट्रातील सर्वांत बोधप्रद संसार मला दिसतो तो नागपुरात. ‘नोगा’ हे नाव जॅम, स्क्वॉश आणि टोमॅटो केचपच्या बाटल्यांवर अनेकांनी वाचले असेल, परंतु त्या दोन अक्षरांत नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन, म्हणजे संत्रे पिकविणाऱ्या बगीचेवाल्यांचा संघ, सामावलेला आहे, हे फारच थोड्यांच्या ध्यानी येते.

बगीचेवाल्यांना कारखान्याची निकड का भासावी, हे काटोल किंवा वरूडच्या संत्र्यांच्या हंगामात उभे राहिल्यावाचून समजत नाही. संत्र्याचे बहार दोन. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात व फळ दिवाळीच्या सुमारास उतरते. मृग बहाराची फुले पावसाळ्याच्या आरंभी येतात व फळ फेब्रुवारीपासून पुढे. बहार धरण्यासाठी झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो, आणि एवढे करूनही एका झाडाचे सारे फळ एकाच मापाचे येत नाही. लहान, डागाळलेल्या फळाला तेथे ‘चुरी’ म्हणतात. सैल सालीचे हे नाजूक फळ फार दिवस थांबत नाही, आणि मोठ्या फळाच्या सौद्यात चुरीला विचारतो कोण? अडत्याच्या मर्जीवर सोडून दिलेल्या या मालाला खात्रीचे गिऱ्हाईक मिळावयाचे, तर ते कारखानाच.

पण या फळाच्या अंगी एक खोडही आहे. रस काढताना फोडींची पडदी व बिया फुटतात, त्यांतील मूळचे बेचव द्रव्य रसाच्या आंबटपणात हळूहळू ‘लिमोनिन’ नावाच्या कडू द्रव्यात पालटते, आणि तापविल्याने हा पालट अधिकच त्वरेने होतो. सकाळी गोड लागलेला रस बाटलीत बसून कडवट होतो तो यामुळे. साखरेचे भरपूर प्रमाण असलेल्या स्क्वॉशात हा कडवटपणा बराच झाकला जातो, मार्मालेडमध्ये तर तो हवासाच असतो. उलट एक सोयही आहे : आंबट फळाचा डबा उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर निर्धास्त होतो, तर वाटाण्यासारख्या कमी आंबट भाजीला रिटॉर्ट नावाच्या बंद पात्रात दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते, नाहीतर डब्यात वाढणारे जंतू प्राणघातक विष निर्माण करू शकतात.

महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाची स्थापना १९६५ सालची. ‘नोगा’ संघाचा नागपुरातील कारखाना आणि त्याचे नाव पुढे या महामंडळाकडे गेले. सरकारच्या हाती गेल्यामुळे तो तगला, हे मी मान्य करतो. परंतु बाटलीवर ज्यांचे नाव, त्यांचा मालकीहक्क मात्र जमाखर्चाच्या वहीतून नाहीसा झाला, हे मला खरोखर खटकते. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्या नावाचा मोबदला चुरीच्या भावात उतरावयाचा असेल, तर नवे कारखाने शहराऐवजी काटोल, वरूड, मोर्शीच्या बगीच्यांलगत निघावेत, आणि त्यांच्या भागभांडवलात माल घालणाऱ्यांचा वाटा आरंभीच नोंदला जावा, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.