ट्रिएस्तेमधली कॉफी आणि माझं बिघडलेलं नाक

सप्टेंबर २०२२ मध्ये मी दोन आठवडे इटलीतल्या ट्रिएस्ते शहरात होते. निमित्त होतं आयसीटीपीमधल्या एका वर्कशॉपचं. अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये उभारलेली ही संस्था आपल्याकडच्या फिजिक्सवाल्यांना माहेरासारखी. जेवणाच्या रांगेत हमखास कुणीतरी बंगाली, मल्याळी नाहीतर पुणेरी भेटतंच. मी फेसावर पीएचडी करते. (हो, फेस. साबणाचा, दुधाचा, बिअरचा. आईला अजून नातेवाइकांना नीट सांगता येत नाही.) मधल्या रविवारी सुट्टी होती आणि बरीचशी मंडळी व्हेनिसला पळाली. मी मात्र तीन तासांच्या एका वॉकला नाव दिलं. एक स्थानिक बाई आठदहा जणांना पायी फिरवते, तीन-चार ठिकाणी कॉफी आणि गोड खायला घालते आणि मधे मधे गावाच्या गोष्टी सांगते.

यात गंमत अशी की तेव्हा मी दीड वर्ष कॉफी प्यायले नव्हते. पिऊ शकत नव्हते.

मे २०२१ मध्ये आमच्या घरी सगळ्यांना कोविड झाला. माझा ताप चार दिवसांत उतरला, पण वास पार गेला. तीन आठवड्यांनी तो थोडा थोडा परत आला तेव्हा मी खूश झाले. ऑगस्टमध्ये एका सकाळी आईने कांदा-लसणाची फोडणी घातली आणि मला वाटलं गटार तुंबलंय. मी खरंच मोरीत जाऊन बघून आले. मग कळलं की वास कढईतून येतोय. त्याच संध्याकाळी आजीने जायफळ घातलेली कॉफी पुढे केली. तिला जळक्या रबराचा आणि त्यामागे काहीतरी कुजल्याचा वास येत होता. आजीला खरं सांगायचा धीर झाला नाही. कप घेऊन गॅलरीत गेले आणि कुंडीत ओतला.

याला पॅरोस्मिया म्हणतात. वास न येणं नव्हे, चुकीचा वास येणं. कोविडनंतर जगभर असंख्य लोकांना हे झालं. त्यांच्या तक्रारींच्या याद्या पाहिल्या तर तेच तेच पदार्थ पुन्हा पुन्हा दिसतात: कॉफी, कांदा, लसूण, चॉकलेट, भाजलेलं मांस. हेच का, हा प्रश्न तेव्हा मला माझ्या थिसिसपेक्षा जवळचा होता.

विमानात त्यावरचाच एक पेपर वाचत होते, त्याच वर्षी इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या जेन पार्कर आणि सहकाऱ्यांचा. त्यांची पद्धत मला फार आवडली, कारण ती अगदी सरळ आहे. कॉफीच्या वासात ८००हून जास्त वेगवेगळे रेणू असतात. गॅस क्रोमॅटोग्राफी नावाच्या यंत्रात हे मिश्रण एका लांबलचक बारीक नळीतून सोडतात. प्रत्येक रेणू आपापल्या वेगाने जातो, त्यामुळे दुसऱ्या टोकाला ते एकामागून एक बाहेर पडतात, पालखीच्या मागे दिंड्या याव्यात तसे. त्या टोकाशी पॅरोस्मिया असलेल्या माणसाने नाक लावून बसायचं आणि घाण वास आला की सांगायचं. गंमत म्हणजे कॉफीतले बहुतेक रेणू लोकांना नीट वाटले किंवा आलेच नाहीत. मोजकेच काही रेणू सारखे पकडले गेले. त्यातला सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे २-फ्युरानमिथेनथायॉल. नाव लांब आहे, यापुढे नुसता थायॉल म्हणू.

हा थायॉल कोण? निरोगी नाकाला ताज्या कॉफीचा जो वास येतो ना, त्याचा तर हा कणा. १९२०च्या दशकात टाडेउस राइखस्टाइन आणि हेर्मान श्टाउडिंगर यांनी तो कॉफीत शोधला. दोघांनाही पुढे वेगवेगळ्या कामांसाठी नोबेल मिळालं. त्याच्या रेणूत गंधकाचा अणू असतो आणि गंधकवाल्या वासांच्या बाबतीत आपलं नाक कमालीचं तिखट आहे. ऑलिंपिक आकाराच्या तलावात साधारण २५ लाख लिटर पाणी मावतं. त्यात २५ मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नाही, एवढा थायॉल टाकला तरी माणसाला वास लागू शकतो. कांदा-लसूणही गंधकवालेच आणि भाजलेल्या पदार्थांतही हीच मंडळी तयार होतात. यादी का जुळते ते आता लक्षात आलं असेल.

पण तोच रेणू एकाला कॉफी आणि दुसऱ्याला गटार का वाटावा? इथे थोडं नाकात डोकवावं लागेल. आपल्या नाकात वास पकडणारे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर आहेत. एक रेणू एकाच प्रकाराला चिकटतो असं नाही, तो अनेकांना कमीजास्त प्रमाणात चेतवतो. कुठले पेटले, कुठले नाही या नक्षीवरून मेंदू वास ओळखतो. (रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४चं नोबेल याच क्षेत्रासाठी.) कोरोनाचा विषाणू मुख्यतः वासाच्या चेतापेशींना नाही, त्यांना सांभाळणाऱ्या आजूबाजूच्या पेशींना गाठतो. आधारच गेला की चेतापेशीही मरतात. सुदैवाने या पेशी जन्मभर नव्याने तयार होत राहतात, शरीरातल्या फार थोड्या चेतापेशींना ही सोय आहे. पण नव्या पेशी एकदम सगळ्या येत नाहीत. काही रिसेप्टर हजर, काही गैरहजर, आणि नवे धागे मेंदूत योग्य जागी पोचलेत की नाही याची खात्री नाही. अर्धे सूर लागलेली पेटी वाजवल्यासारखं. मेंदूला ती नक्षी ओळखता येत नाही. आणि न ओळखलेल्या तीव्र वासाला तो ‘सडलंय, थुंकून टाक’ असं का म्हणतो, हा पुढचा प्रश्न. थायॉल इतका तीव्र असतो की थोडे जरी रिसेप्टर शाबूत असले तरी तो वाजतोच. म्हणून बाकीचा सुगंध गायब आणि हा एकटा बेसूर.

आता वॉककडे येते.

सुरुवात पियात्सा उनिताला. तीन बाजूंनी भव्य इमारती आणि चौथ्या बाजूला थेट समुद्र. आमची गाइड साठीच्या आसपासची, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. कॉफी या गावात का, हे तिने समुद्राकडे हात करून सांगितलं. ऑस्ट्रियाचा सम्राट सहावा चार्ल्स याने १७१९ मध्ये ट्रिएस्ते मुक्त बंदर जाहीर केलं. मग व्हिएन्नाला लागणारी कॉफी इथे उतरू लागली आणि गावात साठवणारे, भाजणारे, चाखणारे वाढले. हाउसब्रांट १८९२मधली, इली १९३३मधली. मी भारतीय म्हटल्यावर तिने मुद्दाम सांगितलं की इथल्या लॉइड कंपनीच्या बोटी मुंबईला जायच्या. आणि आजही इटली ही भारतीय कॉफीच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे. आपण चहा पीत बसतो आणि कूर्गचा रोबस्टा इथे येऊन एस्प्रेसो होतो.

इथे कॉफी मागायची भाषाही वेगळी. बाकीच्या इटलीत ज्याला एस्प्रेसो म्हणतात तो इथे ‘नेरो’. त्यात थोडं फेसाळ दूध घातलं की ‘कापो’. तीच काचेच्या छोट्या ग्लासात हवी असेल तर ‘कापो इन बी’, आणि हा ‘बी’ म्हणजे बिक्किएरे, ग्लास. आमच्यातल्या एका काकांनी पहिल्याच काउंटरवर कापुचिनो मागितला आणि नेहमीपेक्षा लहान कप आल्यावर हिरमुसले.

पहिल्या बारमध्ये उभ्यानेच नेरो. मी कपाकडे बघितलं आणि आधी माझा धंदा आठवला. वर तांबूस फेस होता, क्रेमा. भाजताना कॉफीच्या बीमध्ये कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि आतच अडकून राहतो. सात ग्रॅम पुडीतून नव्वद अंशांच्या आसपास तापलेलं पाणी नऊ बार दाबाने, म्हणजे साधारण नव्वद मीटर खोल पाण्याखाली असतो तेवढ्या दाबाने, ढकलतात. इतक्या दाबाखाली वायू पाण्यात विरघळतो आणि कपात पडताना दाब एकदम उतरला की सोड्याची बाटली उघडावी तसा बुडबुडे होऊन बाहेर येतो. कॉफीतली प्रथिनं आणि भाजताना झालेले तपकिरी मोठे रेणू त्या बुडबुड्यांना साय धरल्यासारखे सांभाळतात. तेल मात्र फेसाचं वैरी. रोबस्टात अरेबिकापेक्षा तेल कमी, म्हणून त्याचा क्रेमा दाट, आणि म्हणूनच इटालियन मिश्रणांत त्याला मान. हा फेस सुगंधावर झाकणासारखा बसतो आणि बुडबुडे फुटतात तसा तो थोडा थोडा सोडतो. दोनतीन मिनिटांचा खेळ.

हे सगळं मी मनात म्हणत होते कारण प्यायचं टाळत होते.

तेवढ्यात गाइड म्हणाली, नाक चिमटीत धरा आणि एक घोट घ्या. सगळ्यांनी धरलं. ‘नुसतं कडू!’ काका म्हणाले. मग नाक सोडायला सांगितलं आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. हा प्रयोग तुम्ही घरी बडीशेप चघळून करून बघा. जीभ गोड, आंबट, खारट, कडू, उमामी एवढंच सांगते. ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग तोंडाच्या मागच्या बाजूने नाकात चढणारा वास असतो.

माझं उलट झालं. नाक धरलेलं असताना कॉफी छान होती. कडू, जराशी आंबट, ओळखीची. दीड वर्षात पहिल्यांदा मी तिला तोंडात ठेवलं. नाक सोडलं आणि रबर जळालं. पण, आणि हे मी लगेच वहीत लिहिलं, पूर्वीपेक्षा कमी. कुजका भाग नव्हता, नुसतं रबर.

मधलं एक कॅफे मी पटकन ओलांडते, तिथे फोटोच जास्त झाले. तिथून काफे सान मार्को. १९१४ सालचं, अंधारं, भिंतीवर कॉफीची पानं रंगवलेली, आत पुस्तकांचं दुकान. एक माणूस तासन् तास एकाच कपावर बसलेला. आपल्याकडच्या इराण्यात बसायचे तसा.

तिथे प्रेस्निट्झ आला. पापुद्र्याच्या पिठाची वळकटी गोगलगाईसारखी गुंडाळलेली, आत अक्रोड, बेदाणे, रम, मसाले. घास घेतला आणि लवंग लागली. लख्ख, जशी असते तशी.

लवंगेचं मला फार अप्रूप वाटलं नसतं, पण वर्षभर मी रोज सकाळ-संध्याकाळ तीच हुंगत होते. जर्मनीत ड्रेस्डेनमधल्या थॉमस हुम्मेल यांच्या गटाने २००९ मध्ये वास गेलेल्यांसाठी एक साधा व्यायाम तपासला. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग हे चार वास, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. हुंगताना मनात तो वास आठवायचा. बऱ्याच जणांना त्याने फायदा झाला. ना औषध, ना खर्च. ही चारही नावं वाचून आजी म्हणाली होती, हे तर आपल्या देवघरात नि मसाल्याच्या डब्यातच आहे. खरंच होतं. गुलाबपाण्याची बाटली तिनेच दिली. सुरुवातीचे चार महिने लवंगेला पुठ्ठ्याचा वास यायचा.

प्रेस्निट्झबरोबर मी मुद्दाम कापो इन बी मागवली. माझा हिशेब असा की कॉफीच्या वासातले बरेच रेणू पाण्यापेक्षा स्निग्धात जास्त रमतात. दूध घातलं की त्यातले काही तिथेच राहतात, नाकापर्यंत कमी पोचतात. थायॉलही थोडा दबेल. शिवाय साखर कडूपणा दाबते, तो प्रकार बराचसा मेंदूत होतो. अर्धा चमचा घातली. (शेजारच्या इटालियन बाईने याकडे सहानुभूतीने पाहिलं.)

प्रेस्निट्झचा घास, मग कॉफीचा घोट. नाक मोकळं.

दोन सेकंद कॉफी होती. भाजलेली, थोडी चॉकलेटसारखी, मागे लवंग. मग रबर आलं आणि सगळं झाकून गेलं. पुन्हा घोट घेतला, पुन्हा तसंच, आधी कॉफी, मग रबर. तिसऱ्या घोटाला मला रडू आलं आणि काकांना वाटलं जीभ भाजली. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

आता माझ्यातली रिव्ह्यूअर बोलते. हा प्रयोग नव्हता. नमुना एक, डोळे उघडे, आणि व्हावंसं तर खूपच वाटत होतं. दुधामुळे झालं, लवंगेच्या आठवणीमुळे झालं की सोळा महिन्यांत नव्या पेशी आपापल्या जागी पोचल्यामुळे, हे यातून कळत नाही. पॅरोस्मिया अनेकांचा आपोआपही ओसरतो. तुम्हाला हा त्रास असेल तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, ट्रिएस्तेचं तिकीट काढू नका. पण पॅरोस्मिया ही बरं होण्याच्या वाटेवरची पायरी असू शकते हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर ते चार महिने जरा सोपे गेले असते. एका डॉक्टरांनी ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत पाठवलं होतं.

शेवटचा थांबा एक मिठाईचं दुकान. तिथे पुतित्सा होता, आणि हंगेरीहून आलेला रिगोयान्ची, चॉकलेटचा चौकोनी तुकडा. चॉकलेट अजून नीट लागत नव्हतं, तेही भाजलेलंच ना. माझा तुकडा काकांना दिला, त्यांचा कापुचिनोचा राग तिथे गेला.

पाव किलो कॉफी घेऊन सहा नंबरच्या बसने मिरामारेला परत आले. ते पाकीट पुण्यात आजीच्या हाती दिलं. तिने उघडून हुंगलं, म्हणाली, जरा करपलीय का गं? मग पातेल्यात दूध घेतलं आणि जायफळ किसायला लागली.

या वेळी मी गॅलरीत गेले नाही. पाच सेकंद टिकली.