कादंबरीवाचन, वाचकांतील संवाद आणि प्रांजळ मत : वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

राजशेखराच्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांच्या विवाहाची कथा आली आहे. काव्यपुरुषामागोमाग निरनिराळ्या प्रदेशांतून फिरत आलेली साहित्यविद्या अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरात त्याची वधू होते. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले हे वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशिम. या कथेचा अभिमान जिल्ह्यातील साहित्यप्रेमींना वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात राजशेखराने काव्याचा आस्वाद घेणाऱ्याचे, म्हणजे भावकाचे, जे चार प्रकार सांगितले आहेत त्यांची आठवण फारशी काढली जात नाही. ज्याला काहीच रुचत नाही तो अरोचकी. धान्याबरोबर गवतही खाणारा, म्हणजे समोर येईल ते सारे चांगलेच म्हणणारा, तो सतृणाभ्यवहारी. गुण दिसत असूनही ते ओठांवर येऊ न देणारा तो मत्सरी. आणि चौथा तत्त्वाभिनिवेशी, जो हजारांत एखादाच आढळतो असे राजशेखर म्हणतो.

सुमारे हजार वर्षांपूर्वीची ही विभागणी आजच्या कादंबरीवाचकालाही लागू पडते. प्रकाशनसमारंभात सतृणाभ्यवहारी बोलतो, समारंभ संपल्यावर चहाच्या टपरीवर अरोचकी बोलतो, आणि पुष्कळदा ही दोन्ही माणसे एकच असतात. प्रस्तुत लेखात या दोन बोलण्यांमधील अंतराचा विचार अभिप्रेत आहे. कादंबरी वाचून झाल्यावर एक वाचक दुसऱ्याला जे सांगतो ते खरे केव्हा असते आणि त्याचे मोल कसे ठरवावे, हा येथील प्रश्न आहे. लेखाची भूमिका अशी की, मत आणि वाचनाची सवय या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. पुस्तक कसे वाचले, किती वाचले, कोणत्या वयात आणि कोणत्या घरात बसून वाचले हे सांगितल्याशिवाय दिलेले मत कितीही स्पष्ट असले तरी तपासता येत नाही.

पोथीची सवय आणि कादंबरी

ग्रामीण विदर्भातील वाचनाचा पाया पोथीने घातला आहे. श्रीधराचा 'हरिविजय' हा १७०२ मधील ग्रंथ चातुर्मासात घरोघरी आणि देवळांतून वाचला जात असे; काही ठिकाणी आजही वाचला जातो. येथे एका योगायोगाची नोंद करण्यास हरकत नाही. वत्सगुल्म शाखेचा वाकाटक राजा सर्वसेन याच्या प्राकृत काव्याचे नावही 'हरिविजय' असेच होते. ते काव्य आज उपलब्ध नाही; अलंकारशास्त्राच्या ग्रंथांतील उल्लेखांतून व उद्धृत अंशांतून ते माहीत आहे.

पोथी एकजण वाचतो, इतर ऐकतात. ऐकणारा मध्येच अर्थ विचारू शकतो, पण 'हा अध्याय जमला नाही' असे म्हणत नाही. शिवाय पोथी अर्धवट ठेवू नये, लावलेले पारायण पूर्ण करावे, असा संस्कार आहे. कादंबरीचा वाचक हा संस्कार नकळत आपल्याबरोबर घेऊन येतो. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येत होती. पुढील भागासाठी आठवडाभर थांबावे लागत असल्याने अर्धवट वाचलेल्या कथेविषयी बोलणे तेव्हाच्या वाचकाला अपरिहार्य होते. पुढे कादंबरी एकसंध पुस्तक म्हणून हाती येऊ लागली आणि अर्ध्यावर सोडणे हा वाचकाचा दोष ठरला.

परिणामी वाचकांतील संवादात सर्वांत जास्त लपविली जाणारी गोष्ट म्हणजे पुस्तक पूर्ण न केल्याची कबुली. भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) ही विस्तृत कादंबरी घराघरांतील कपाटांत पोहोचली. ती किती जणांनी शेवटच्या पानापर्यंत वाचली, हा प्रश्न प्राध्यापकांच्या कक्षातही हळू आवाजातच विचारला जातो. वास्तविक 'दीडशे पानांनंतर पुढे जाता आले नाही, कारण काळ बदलला की माझा धागा तुटत होता' हे विधान 'एक महान कलाकृती' या विधानापेक्षा दुसऱ्या वाचकाला अधिक उपयोगाचे आहे. त्यात कोठे अडले आणि का अडले हे दोन्ही आले आहे. ऐकणारा स्वतःच्या वाचनाशी ते ताडून पाहू शकतो.

उलट दिशेची लपवाछपवीही आहे. शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय' (१९६७) किंवा वि. स. खांडेकर यांच्या 'ययाति' (१९५९) या कादंबऱ्यांनी अनेक शिक्षकांना वाचनाची गोडी लावली. परंतु मराठी विभागात रुजू झाल्यावर आवडत्या कादंबरीचे नाव विचारले की उत्तर 'कोसला' (१९६३) असे येते. 'कोसला' खरोखर आवडणे आणि ती आवडली असे म्हणणे सोयीचे वाटणे यांत फरक आहे. हा फरक विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही असे समजणे भोळेपणाचे होईल.

जवळची कादंबरी

प्रांजळ मताची खरी कसोटी लागते ती आपल्या परिसरातील कादंबरीसंबंधी. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधीच या भूमीतील कादंबरीला राष्ट्रीय मान्यता मिळाली होती. मालेगाव तालुक्यातील शिरपूर (जैन) येथे जन्मलेले आणि वाशिमला शिक्षक म्हणून कार्यरत राहिलेले नामदेव कांबळे यांच्या 'राघववेळ' या कादंबरीस १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये ते पद्मश्री सन्मानाचे मानकरी ठरले. मातंग समाजाचे जगणे या कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे.

अशी कादंबरी पुण्या-मुंबईचा वाचक वाचतो तेव्हा त्याला एक अपरिचित जग खुले झाल्याचा अनुभव येतो. मालेगाव तालुक्यातील वाचकाला ते जग परिचित असते. तो बोली, ऋतू, गावाची रचना यांची पडताळणी करीत वाचतो. ही पडताळणी विद्यापीठीय समीक्षेत क्वचितच येते, कारण समीक्षकाजवळ ती माहिती नसते. वऱ्हाडी बोलीही सर्वत्र एकसारखी नाही. हिंगोली व बुलढाण्याला लागून असलेल्या रिसोडकडील बोलणे आणि अमरावती-यवतमाळच्या बाजूच्या कारंज्याकडील बोलणे यांतील छटा स्थानिक कानाला जाणवतात. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) वाचताना वऱ्हाडातला वाचक 'मले', 'तुले' या रूपांपाशी थांबत नाही. वाक्याचा हेल जुळतो की नाही हे तो पाहतो. मानोरा तालुक्यातील तांड्यावरील वाचकाची स्थिती आणखी वेगळी. त्याच्या घरात गोरमाटी बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि बाजारात वऱ्हाडी. त्याच्यासाठी 'धग'मधील संवाद हे घरचे बोलणे नसून बाजारातले बोलणे असते. त्याने 'ही भाषा मला लांबची वाटली' असे म्हटले तर तो अडाणीपणा नव्हे, ते अचूक निवेदन आहे.

तथापि, जवळ असणे म्हणजे निःपक्षपाती असणे नव्हे. गावाच्या दुसऱ्या टोकाला वाढलेला वाचक 'राघववेळ'सारखी कादंबरी वाचतो तेव्हा स्वतःच्या आजा-पणजाचा वाडा तो प्रथमच बाहेरून, खालून पाहतो. 'इतके काही नव्हते, लेखकाने वाढवून लिहिले' असे त्याला मनापासून वाटू शकते. हे मत प्रामाणिक आहे. ते खरे आहे काय, हा वेगळा प्रश्न आहे. दुसऱ्या बाजूला, ज्या वस्तीचे जीवन रेखाटले त्याच वस्तीतील वाचकास आपले दैन्य चव्हाट्यावर मांडल्याचा संकोच वाटू शकतो. ग्रंथालीने १९७८ मध्ये प्रकाशित केलेल्या दया पवार यांच्या 'बलुतं' या आत्मकथनाच्या वेळी असा सूर दलित वाचकांमधूनही उमटला होता. दोन्ही वाचकांनी आपण कोणत्या घरातून वाचत आहोत हे आधी सांगितले, तर त्यांच्या मतभेदातून काही निष्पन्न होऊ शकते. ते न सांगता केवळ 'अतिरंजित' आणि 'वास्तवदर्शी' हे शब्द एकमेकांवर आदळत राहिले, तर चर्चा जातीच्या रेषेवर येऊन थांबते आणि कादंबरी बाजूला राहते.

'बारोमास'चा प्रश्न

सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' (२००२) या कादंबरीस २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखक शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील. कादंबरीचा नायक एकनाथ हा शिकूनही नोकरी न मिळालेला आणि शेतीत अडकलेला तरुण. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे विशेष पॅकेज जाहीर झाले, त्यांत बुलढाणा व वाशिम या दोहोंचा समावेश होता.

अशा जिल्ह्यातील महाविद्यालयात ही कादंबरी शिकविताना वर्गात बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या घरात तीच घटना घडून गेलेली असू शकते, याचे भान शिक्षकाला ठेवावे लागते. त्या विद्यार्थ्याला कादंबरी वाचवली नाही, तर त्याचे न वाचणे हादेखील एक प्रतिसाद आहे. कोणी विद्यार्थिनी एकनाथाविषयी सहानुभूती न दाखवता त्याच्या पत्नीची बाजू मांडेल. शेतकऱ्याच्या घरात मुलगी देऊ नये असे आईबाप का म्हणतात ते तिला ठाऊक असते. कोणी म्हणेल की कादंबरीत दुःख आहे, पण पेरणीच्या दिवसांतला उत्साह कमी आहे. ही मते परस्परविरोधी असली तरी प्रत्येकामागे एक अनुभव उभा आहे.

परंतु उत्तरपत्रिकेत यांपैकी काहीच येत नाही. तेथे बाजारातील मार्गदर्शकातून उचललेले तेच ते परिच्छेद येतात : ग्रामीण वास्तवाचे प्रभावी चित्रण, बोलीचा समर्थ वापर, शोकात्म जाणीव. ज्या मुलाच्या वडिलांच्या नावावर कर्ज आहे तोही 'शोकात्म जाणीव' असे लिहितो आणि शिक्षक त्याला गुण देतो. यात फसवणूक कोणाचीच नाही, असे म्हणता येईल. मात्र त्या मुलाने कादंबरीविषयी खरे बोलण्याची बहुधा एकमेव संधी येथे संपते. पदवीनंतर त्याच्या हाती कादंबरी येईलच याची खात्री नाही.

हीच सवय शिक्षकांच्या लेखनातही उतरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांपासून प्रकाशनांना गुणांकन प्राप्त झाले आणि पुस्तकपरीक्षण हा पुष्कळदा प्रस्तावना व मलपृष्ठ यांच्या आधारे लिहिता येणारा प्रकार बनला. लेखक ओळखीचा, बहुधा त्याच विद्यापीठ क्षेत्रातील. उद्या चर्चासत्रात भेटणार. अशा वेळी 'उत्तरार्ध सैल झाला आहे' हे एक वाक्य लिहिण्यासाठी मैत्री पणाला लावावी लागते, आणि ती लावणारे थोडे असतात हे मान्य केले पाहिजे.

शेवटचे कोरे पान

या पार्श्वभूमीवर सार्वजनिक ग्रंथालयातील एका दुर्लक्षित गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला आणि अ, ब, क, ड अशा वर्गांतील अनुदानित ग्रंथालये तालुक्यापासून खेड्यापर्यंत पसरली. या ग्रंथालयांतील कादंबऱ्यांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वाचकांनी पेन्सिलीने किंवा शाईने लिहिलेले शेरे आढळतात. 'छान आहे', 'वेळ फुकट गेला', 'शेवट आवडला नाही', आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात 'तुला समजला नाही'. पुस्तक खराब करू नये हा नियम योग्यच आहे. तरीही नियम मोडून लिहिलेले हे शेरे म्हणजे नावाशिवाय, गुणांकनाशिवाय आणि लेखकाच्या अनुपस्थितीत दिलेली मते होत. त्यांत सभ्यता कमी असली तरी भीडही नाही.

त्याच पुस्तकाला चिकटवलेली तारखेची चिठ्ठी वाचनाच्या सवयीची साक्ष देते. एखादी कादंबरी दोनच दिवसांत परत आलेली असते, एखादी महिनाभर राहून दंडासह आलेली असते. काहींवर वर्षानुवर्षे शिक्काच नसतो. मलपृष्ठावर पुरस्कार छापलेला आणि चिठ्ठी कोरी, असे पुस्तकही दुर्मीळ नाही. शेरा आणि चिठ्ठी एकत्र पाहिली तर त्या गावाने ती कादंबरी कशी वाचली याचा बराच अंदाज येतो. संगणकीकृत देवघेव आल्यापासून ही चिठ्ठी अनेक ठिकाणी नाहीशी झाली. नोंद संगणकात राहते, पण पुढच्या वाचकाला ती दिसत नाही. बांधणीसाठी पाठविलेल्या पुस्तकाचे शेवटचे कोरे पानही बहुधा परत येत नाही.

महाविद्यालयीन ग्रंथालयांना येथे एक साधी सोय करता येईल. प्रत्येक कादंबरीच्या शेवटी, पुस्तकाला इजा न होता, एक सुटा रेषांकित कागद पाकिटात ठेवावा. वाचकाने त्यावर वाचनाचा महिना, कोणत्या पानापर्यंत वाचले तो आकडा आणि दोन-तीन ओळींत मत लिहावे. प्राध्यापकांनीही त्याच कागदावर, विद्यार्थ्यांच्या ओळींखाली लिहावे. वेगळा कागद मागू नये. जेथे मत बदलले असेल तेथे आधीची ओळ खोडू नये, खाली नवी लिहावी. नाव लिहायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पानाचा आकडा मात्र सर्वांनी लिहावा.